डायलची एक फेरी

गेली अठरा वर्षे मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर काम करतो. टर्निंग होऊन आलेला जॉब मायक्रोमीटरमध्ये धरायचा, डायल (सूक्ष्म हालचाल सुईने दाखवणारे मापयंत्र) लावून त्याचा रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, पाहायची आणि पास की रिजेक्ट तो शेरा मारायचा, हा माझा दिवसभराचा उद्योग आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून एक वापरलेली मॅक्रो लेन्स (लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी) घेऊन आलो, तेव्हा तिची परीक्षा मी छायाचित्रकाराच्या नजरेने कमी आणि इन्स्पेक्टरच्या नजरेने जास्त केली. घरच्यांना याचे हसू आले, मला मात्र त्यात काही वावगे वाटले नाही.

लेन्स म्हणजे कॅननची ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम. ती २००९ साली आली. मिररलेस कॅमेऱ्यांसाठी तिची आरएफ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तो जोड) नवी बहीण २०२१ मध्ये निघाली आणि तेव्हापासून जुन्या ईएफ लेन्स हातोहात फिरू लागल्या आहेत. ज्यांनी कॅमेरा बदलला ते विकतात आणि माझ्यासारखे, ज्यांचा जुना कॅनन ६डी कॅमेरा अजून ठणठणीत आहे, ते घेतात. घेताना मला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. एक म्हणजे लेन्सची बांधणी किती घट्ट आहे आणि इतक्या वापरानंतर ती कितपत टिकून राहिली आहे. दुसरी म्हणजे तिच्यातील स्थिरीकरण, ज्याला सगळे आयएस म्हणतात, ते किड्या-फुलांच्या अगदी जवळ गेल्यावर खरोखर किती कामाला येते. चित्राची धार, रंग, पार्श्वभूमीचा मऊपणा यांवर लोकांनी भरपूर लिहिले आहे, त्यात मी भर घालणार नाही.

बांधणीपासून सुरुवात करतो. लेन्स आणल्यानंतरच्या सोमवारी मी ती शॉपमध्ये नेली. आमच्याकडून निवृत्त झालेले एक मेस्त्री आठवड्यातून एकदा सहज चक्कर मारतात. हातात घेतलेली वस्तू ते प्रथम तोलतात, मग नखाने वाजवतात. त्यांनी लेन्स तोलली, बॅरलवर नख मारले आणि म्हणाले, "प्लास्टिकच हाय की रे हे! इतके पैसे मोजलास ते ह्याला?"

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. लेन्सचे बाहेरचे आवरण इंजिनिअरिंग प्लास्टिकचेच आहे, कॅमेऱ्याला बसणारा माउंट मात्र धातूचा आहे. वजन ६२५ ग्रॅम भरते आणि कॅमेऱ्यासह सगळा ऐवज सुमारे १.४ किलो होतो. ज्या गावाने आयुष्यभर ओतकाम केले, तिथे जड ते चांगले हा समज रक्तात भिनलेला असतो आणि जवळजवळ सगळीकडे तो खपूनही जातो. पण ज्या वस्तूला आपण हाताने हवेत धरून ठेवणार आहोत, तिच्या बाबतीत जडपणाला किती गुण द्यायचे याचा विचार करावा लागतो. थोडे वजन हाताचा थरकाप दाबते हे खरे आहे, परंतु वीस मिनिटे उकिडवे बसल्यानंतर तेच वजन थरकाप निर्माण करू लागते. शिवाय बाहेरचे आवरण हे शेवटी आवरण असते. काचांचे गट ज्यावर पुढेमागे सरकतात ते आतले मार्ग आणि माउंटची पकड, यांवर लेन्सचे आयुष्य ठरते. मेस्त्रींनीच मला कधीकाळी सांगितले होते की जॉब कसा दिसतो ते नंतर बघ, आधी तो कुठे हलतो ते बघ. तेच वाक्य मी त्यांना परत ऐकवले आणि आम्ही दोघांनी मिळून डायल गेजचा स्टँड काढला.

हलण्याचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक लवचीकपणा, म्हणजे जोर दिला की वस्तू किंचित वाकते आणि जोर काढला की मूळ जागी येते. दुसरा प्ले, म्हणजे दोन भागांमधली मोकळी जागा, ज्यात वस्तू सरकते आणि सरकली तिथेच राहते. लवचीकपणा सगळ्यांतच असतो, अगदी लेथच्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बेडमध्येसुद्धा. प्ले वाढत गेला की मात्र यंत्र म्हातारे झाले असे समजावे. आम्ही कॅमेरा सरफेस प्लेटवर व्ही-ब्लॉकच्या आधाराने घट्ट बसवला, लेन्स आडवी राहील असे पाहिले, तिच्या पुढच्या टोकावर वरून डायलचा प्लंजर (सुई हलवणारी दांडी) टेकवला, सुई शून्यावर आणली आणि बोटाने टोक हळूच खाली दाबून सोडून दिले. सुई हलली, पण बोट काढताच शून्यावर आली. चार बाजूंनी चारदा केले, चारही वेळा तसेच झाले. याचा अर्थ माउंटच्या पाकळ्या आणि त्यांना दाबून धरणाऱ्या पट्ट्या शाबूत होत्या. माउंटच्या अक्षाभोवती फिरवण्याच्या दिशेने मात्र अगदी थोडी हालचाल जाणवत होती. ती बहुतेक सगळ्या लेन्समध्ये असते, कारण कुलुपाची पिन तिच्या खोबणीत सहज शिरावी म्हणून तेवढी फट मुद्दाम ठेवावी लागते. वापरलेली लेन्स घेताना लोक नेमके याच हालचालीला घाबरतात आणि टोकाच्या वरखाली हालचालीकडे दुर्लक्ष करतात. भीती उलटी असायला हवी.

डायल सगळ्यांच्या घरी नसतो, म्हणून साधे उपायही सांगतो. माउंटवरच्या स्क्रूंची डोकी भिंगातून पाहावीत. त्यांच्या कडा झिजलेल्या किंवा चमकत असल्या तर लेन्स कोणीतरी आधी उघडली आहे असे खुशाल धरावे. माउंटभोवती बारीक रबरी कडे असते, ते कुठे फाटलेले किंवा दुमडलेले नाही ना हे बोट फिरवून पाहावे. पाणी आणि धूळ अडवण्याची जी व्यवस्था या लेन्समध्ये आहे, तिचा आपल्याला बाहेरून दिसणारा एवढाच भाग. मग ॲपर्चर (उजेड आत येण्याचे छिद्र) लहान करून डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चित्रातली स्पष्ट दिसणारी खोली, पाहण्याचे बटण दाबावे आणि पुढून टॉर्च मारून नऊच्या नऊ पाती कोरडी आहेत का ते पाहावे, कारण पात्यांवर तेलाचा ओघळ दिसला तर दुरुस्तीचा खर्च लवकरच येणार. फोकस रिंगचा प्ले तपासायला मी स्टीलची पट्टी वापरली. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र, दहा पट मोठे करून पट्टीवरच्या एका रेघेवर फोकस आणला आणि रिंग उलटसुलट अगदी सावकाश फिरवली. दिशा बदलल्यावर चित्र हलू लागेपर्यंत रिंग किती अंतर मोकळी फिरते, तो तिचा बॅकलॅश. माझ्या लेन्समध्ये तो आहे, आधीच्या मालकाने ती भरपूर वापरल्याची ती खूण आहे. मला त्याचे फारसे दुःख झाले नाही, कारण एकास एक मोजमापावर, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तिथे, रिंगने फोकस कोणी करत नाही. तिथे रिंग एका जागी ठेवून आपण स्वतःच पुढेमागे होतो. त्याची गोष्ट पुढे येईलच.

बांधणीतली मला सर्वांत आवडलेली बाब म्हणजे ही लेन्स लांबत नाही. बऱ्याच जुन्या मॅक्रो लेन्स जवळ फोकस करताना सोंडेसारख्या पुढे येतात, ती सोंड धूळ आत ओढते आणि फुलपाखराला ढोसते. हिच्यात सगळी हालचाल आत होते आणि लांबी कायम १२३ मिमी राहते. त्यामुळे जागेचा हिशेब सोपा होतो. सर्वांत जवळचे फोकस ०.३ मीटर दिले आहे, पण ते सेन्सरपासूनचे अंतर आहे, लेन्सच्या तोंडापासूनचे नव्हे. या ३०० मिलिमीटरमधून सेन्सर ते माउंट हे ४४ मिमी आणि लेन्सचे १२३ मिमी वजा केले की उरतात १३३. म्हणजे किडा आणि लेन्सची कड यांच्यामध्ये जेमतेम सव्वातेरा सेंटीमीटर, म्हणजे आपली एक वीतसुद्धा नाही. सोबत मिळणारे हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारे नळीसारखे कडे) लावले तर त्यातलेही बरेचसे जाते आणि उजेडही अडतो. मी एकास एकला हूड काढून ठेवतो आणि काच वाचवायला ६७ मिमीचा साधा फिल्टर लावतो. बॅरलवर फोकसची मर्यादा ठरवण्याचे तीन स्थानांचे बटण आहे, ते प्रत्येक स्थानी टक करून बसते की नाही हे वापरलेल्या लेन्समध्ये जरूर पाहावे.

पावसाळ्याबद्दल लिहिल्याशिवाय आमच्या भागात कोणत्याच लेन्सची चर्चा पुरी होत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत टिळकवाडीतल्या घरात चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, भिंतीला ओल सुटते, पापड आठवडाभरसुद्धा कुरकुरीत राहत नाहीत. माझी पहिली लेन्स मी याच काळात चामडी पाकिटात घालून कपाटात ठेवली होती. गणपतीत बाहेर काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी उमटलेली होती. चूक पूर्णपणे माझी होती. पाणी अडवणारे रबर लेन्सला शिंतोड्यांपासून वाचवते, महिनोन्महिने साचलेल्या दमटपणापासून वाचवत नाही. आता लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुरचुंड्यांसोबत असते आणि डब्यात आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवलेले आहे. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहील एवढे मी पाहतो. "तांदळात ठेव की" हा सल्ला मला निदान पाच नातेवाइकांनी दिला आहे. तांदळाचा भुसा लेन्सच्या रिंगेत शिरलेला मी एकाच्या घरी पाहिला आहे, म्हणून मी तांदूळ खाण्यासाठीच वापरतो.

आता स्थिरीकरणाकडे येतो, कारण लेन्सची जास्त किंमत त्याचीच आहे.

मॅक्रो लेन्समध्ये स्थिरीकरण आणण्याचे काम निकॉनने २००६ साली आपल्या १०५ मिमी लेन्समध्ये केले होते. त्यात, आणि त्या काळच्या सगळ्याच स्थिरीकरणात, कोनीय हालचाल पकडली जाई. कॅननच्या २००९ च्या या लेन्सने एक पाऊल पुढे टाकले. तिच्यात कोनीय वेग मोजणाऱ्या सेन्सरबरोबर प्रवेग मोजणारा सेन्सरही आहे आणि दोघांच्या माहितीवरून आतला काचांचा एक गट हलवला जातो. याला त्यांनी हायब्रिड आयएस असे नाव दिले. नाव बाजूला ठेवून यामागचे काम लेथच्या भाषेत सांगितले तर आमच्याकडच्या कोणालाही लगेच कळते. टूलपोस्ट जागच्या जागी फिरवला तर टूलचा कोन बदलतो, ती कोनीय हालचाल. क्रॉस स्लाइड फिरवली तर कोन तोच राहून टूल आडवे सरकते, ती समांतर हालचाल. दूरच्या डोंगराचा फोटो काढताना हात मिलिमीटरभर आडवा सरकला तर काहीच बिघडत नाही, कारण डोंगराच्या मानाने मिलिमीटर म्हणजे शून्य. तिथे कोनच तेवढा महत्त्वाचा. परंतु एकास एकला वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर पडते, त्यामुळे हात मिलिमीटरभर सरकला की सेन्सरवरचे चित्रही पूर्ण मिलिमीटर सरकते. म्हणून जवळच्या कामासाठी क्रॉस स्लाइडची हालचाल पकडणे आवश्यक ठरते आणि ही लेन्स ती पकडते.

किती पकडते याचे आकडे कॅननने स्वतःच दिले आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. नेहमीच्या अंतरावर चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा; इथे, शटर दुप्पट वेळ उघडे ठेवण्याची मुभा), अर्ध्या मोजमापावर तीन स्टॉप, एकास एकला दोन स्टॉप. दुकानात आपल्याला चार हाच आकडा ऐकू येतो. मॅक्रो लेन्स घेणारा माणूस ज्या अंतरासाठी ती घेतो, नेमक्या त्या अंतरावर आकडा निम्म्यावर आलेला असतो, हे ऐकायला विचारावे लागते.

मी ते घरच्या घरी पडताळून पाहिले. छापील कागदाचा तुकडा खिडकीजवळ उभा चिकटवला, उभे राहून, कोपर अंगाशी घेऊन, १/२००, १/१००, १/५० आणि १/२५ सेकंद अशा शटरच्या प्रत्येक वेगाला वीस फोटो आयएस बंद ठेवून आणि वीस चालू ठेवून काढले. मग संगणकावर शंभर टक्के मोठे करून अक्षरांच्या कडा पाहिल्या. एकाच फोटोवरून निष्कर्ष काढणारे बरेच असतात, परंतु स्थिरीकरण हा मुळात सरासरीचा मामला आहे. शॉपमध्ये एका जॉबवरून आम्ही बॅच पास करत नाही, तसेच हे. एकास एकला आयएस बंद असताना १/२०० वर जेवढे फोटो कामाचे निघाले, साधारण तेवढेच आयएस चालू असताना १/५० वर निघाले. दोन स्टॉप म्हणजे दोन स्टॉप, हिशेब जमला. १/२५ वर मात्र आयएस चालू असूनही बहुतेक फोटो हललेले होते.

पण याच परीक्षेत एक विचित्र गोष्ट दिसली. १/२०० वर, आयएस चालू असताना, काही फोटो हललेले नव्हते आणि तरीही ते धूसर होते. अक्षरांच्या कडांना दिशा नव्हती, म्हणजे चित्र ओढले गेले नव्हते, नुसते मऊ झाले होते. फोकस चुकला होता. कागद सपाट, खिडकी तीच, मी तोच, मग चुकले काय?

याचे उत्तर पुन्हा डायलने दिले. एका शनिवारी काम संपल्यावर मी डायलचा स्टँड टेबलाच्या कडेला लावला, लेन्सवर झाकण ठेवले, प्लंजर झाकणाच्या मध्यावर येईल असा समोर उभा राहिलो आणि कॅमेरा डोळ्याला लावून फोटो काढण्याच्या पवित्र्यात श्वास रोखला. शेजारच्या मशीनवरच्या मुलाला सुईकडे पाहायला सांगितले. आमच्या डायलवर एक रेघ म्हणजे ०.०१ मिमी आणि शंभर रेघांची पूर्ण फेरी म्हणजे एक मिलिमीटर. मला वाटत होते, पाच-पंचवीस रेघा हलतील. "सर, फिरालाय की हो ते घड्याळासारखं," तो मुलगा म्हणाला. सुई एक फेरी पुरी करून दुसऱ्या फेरीत जात होती, परत येत होती, पुन्हा जात होती. प्लंजरची स्प्रिंग मला थोडा टेका देत असूनही ही अवस्था होती. श्वास रोखून धरला तेव्हा लाट लहान झाली, पण थांबली नाही. उभा माणूस टाचेपासून डोक्यापर्यंत सतत किंचित झुलत असतो, ते त्याला स्वतःला कळत नाही, सुईला कळते.

आता या फेरीची तुलना कशाशी करायची ते पाहा. एकास एकला एफ/२.८ ठेवले (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होते) तर ६डी सारख्या फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर डेप्थ ऑफ फील्ड साधारण ०.३४ मिमी मिळते, म्हणजे डायलच्या चौतीस रेघा. एफ/८ ला ती जवळजवळ एक मिलिमीटर होते, म्हणजे डायलची बरोबर एक फेरी. माझे शरीर त्याहून जास्त झुलत होते. एफ/१६ ला गेलो तर डेप्थ दुप्पट होईल, परंतु तिथे डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, बारीक तपशील मऊ पडतो. कारण एकास एकला आत येणारा उजेड दोन स्टॉपनी घटलेला असतो आणि एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ सारखे वागते. कॅननचा कॅमेरा हे खरे मूल्य दाखवत नाही, निकॉनचा दाखवतो, म्हणून निकॉनवाल्यांना आपली एफ/२.८ लेन्स जवळ गेल्यावर मंद का झाली असा प्रश्न पडतो. दोन्हीकडे भौतिकशास्त्र एकच आहे. मी एफ/८ आणि एफ/११ च्या पलीकडे सहसा जात नाही.

आडव्या हालचालीचा हिशेबही डायलवरच बसतो. ६डी चा सेन्सर सुमारे ३६ मिमी रुंद आणि त्यावर ५४७२ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.००६५ मिमीचा. डायलची एक रेघ म्हणजे दीड पिक्सेल. शटर उघडे असताना हात दहा रेघा आडवा गेला, तर किड्याच्या डोळ्यातला प्रत्येक ठिपका पंधरा पिक्सेल ओढला जातो. आयएस याच्याशी लढतो आणि त्याच्या ताकदीप्रमाणे जिंकतो. परंतु पुढेमागे होण्याचे काय? लेथच्या भाषेत ही सॅडलची हालचाल. ती सावरण्यासाठी काच आडवी हलवून भागत नाही, फोकसच बदलावा लागेल, आणि ते काम या लेन्समधील आयएस करत नाही. नव्या कॅमेऱ्यांत सेन्सर हलवून जे पाच अक्षांचे स्थिरीकरण करतात त्याची मोठी जाहिरात होते, पण ते पाच अक्ष मोजून पाहा. वरखाली झुकणे, डावीउजवीकडे वळणे, गोल फिरणे, आडवे सरकणे, उभे सरकणे. सॅडल त्यातही मोकळीच राहते.

मग आयएस एकास एकला निरुपयोगी आहे का? तसे मी म्हणणार नाही आणि त्याचे कारण मला कणकुंबीच्या बाजूला समजले. जांबोटी ओलांडून चोर्ल्याच्या रस्त्याला लागले की मलप्रभेच्या उगमाच्या आसपास जांभ्याचे सडे (उघडी दगडी पठारे) आहेत आणि पाऊस ओसरताना त्यांवर सीतेची आसवं फुलतात. निळसर जांभळे, बोटाच्या पेराहून लहान फूल, आणि मातीखाली सूक्ष्म जीव पकडणाऱ्या बारीक पिशव्या. खताचे पोते अंथरून मी त्यावर पालथा पडलो होतो. गुरे घेऊन जाणाऱ्या एका आजींनी थांबून विचारले, "काय हरवलं रे बाळा?" "काही नाही आजी, फूल बघालोय," म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "एवढ्यास्नं त्याला झोपूनच बघाय लागतंय व्हय?" आणि गेल्या. त्या दिवशी आयएस बंद करून व्ह्यूफाइंडरमधून पाहिले तर फूल चौकटीत असे नाचत होते की पाकळीच्या कुठल्या शिरेवर फोकस आहे ते ठरवताच येईना. आयएस चालू करताच चित्र तरंगत येऊन स्थिरावले. शटरचा वेग मी तोच ठेवला होता. लाभ झाला तो डोळ्याला. चित्र स्थिर दिसले की फोकस कोणत्या क्षणी बरोबर जागी आला ते कळते, आणि त्या क्षणी बटण दाबता येते. पुढेमागे झुलणे थांबत नसेल, तर त्या झुलण्यातला योग्य क्षण पकडणे हाच एक मार्ग उरतो आणि तो क्षण पकडायला स्थिर चित्र लागते. एकास एकला या लेन्सच्या आयएसची खरी किंमत माझ्या मते इथे आहे, दोन स्टॉपमध्ये नाही. फ्लॅश वापरणाऱ्यांना हे अधिकच लागू पडते, कारण फ्लॅशची लखकन उमटणारी झळक इतकी क्षणिक असते की हाताचे हलणे चित्रात उतरतच नाही, तिथे स्टॉपचा प्रश्नच येत नाही, व्ह्यूफाइंडरमधील चित्राचा मात्र येतो.

सड्यावर वारा सुटला तेव्हा फूल स्वतःच हलू लागले आणि आयएसचे काम संपले. ते कॅमेऱ्याला सावरते, फुलाला नाही. वाऱ्यात १/२५० च्या खाली जाऊ नये आणि वाट पाहावी, एवढेच. त्याच दिवशी तासभर भुरभुर पावसात लेन्स उघडीच होती. घरी येऊन पुसली आणि टॉर्च मारून पाहिली, आत वाफ धरलेली नव्हती. रबरी कड्याने आपले काम केले होते.

वापरलेल्या लेन्समधला आयएस कसा तपासावा, हे मला सर्वांत जास्त विचारले जाते. बटण अर्धे दाबले की आतून बारीक घरघर ऐकू येते, ती असणारच. बटण सोडल्यावर आयएस सुमारे दोन सेकंद चालू राहतो आणि मग टक असा हलका आवाज होऊन गट कुलूपबंद होतो. तो आवाज येण्याआधी लेन्स कॅमेऱ्यावरून कधीही काढू नये, नाहीतर गट मोकळाच राहतो. आमच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोच्या आवारातल्या झाडांच्या शेंड्यांसारखे दूरचे काहीतरी चौकटीच्या कडेशी धरून पाहावे. आयएस चालू होताना चित्र एकदा सरकले तर हरकत नाही, पण स्थिर झाल्यावर ते एका बाजूला हळूहळू वाहत गेले किंवा मधूनच उडी मारू लागले तर लेन्स परत करावी. मग कॅमेरा उभा धरून तेच पुन्हा करावे, कारण एक अक्ष चांगला आणि दुसरा बिघडलेला असे होऊ शकते. शेवटी लेन्स काढून कानाजवळ अगदी हळू हलवावी. माझी लेन्स मुकी होती. ट्रायपॉडवर लावल्यावर मी आयएस बंद करतो, कारण तिथे त्याला सावरायला काही नसते आणि बॅटरी मात्र जात राहते.

मागच्या महिन्यात मी डायलची परीक्षा पुन्हा केली, पण यावेळी पद्धत बदलून. किड्याचे फोटो काढताना मी आता काडी किंवा पान डाव्या हाताच्या चिमटीत धरतो आणि लेन्सचे तोंड त्याच हाताच्या मनगटावर टेकवतो, म्हणजे पान आणि लेन्स दोन्ही एकाच हाताच्या ताब्यात येतात आणि मी झुललो तर दोघे मिळून झुलतात. शॉपमध्ये पानाऐवजी मी डायलच्या स्टँडचा दांडा चिमटीत धरला, लेन्स मनगटावर टेकवली आणि प्लंजर झाकणाला लावला. मेस्त्री स्वतः सुईसमोर वाकून उभे होते. सुई पंधरा-वीस रेघांच्या आत डावीउजवीकडे करत राहिली, फेरीच्या जवळपासही गेली नाही. त्यांनी चष्मा वर केला, लेन्सवर पुन्हा एकदा नख मारले आणि विचारले, "ह्यो आतला आयएस चालू होता काय आत्ता?" कॅमेऱ्यात बॅटरीच नव्हती.